९५ ऑक्टेन पेट्रोल : आठ टाक्या, पाच महिने आणि गाडीची वही

नागपुरात वर्धा रोडवर असो की अमरावती रोडवर, मोठ्या पेट्रोल पंपावर गाडी उभी केली की नोझल हातात घेतलेला मुलगा आधी एकच प्रश्न विचारतो, “साधं टाकू का पावर, काका?” ‘पावर’ हे मुळात एका कंपनीच्या पेट्रोलचे नाव, पण आपल्या बोलण्यात ते सगळ्याच महागड्या पेट्रोलला लागू झाले आहे. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजून घेतलेले हे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल रोजच्या वापरातील लहान गाडीला खरोखर जास्त ॲव्हरेज देते का, या प्रश्नाचे उत्तर मला ऐकीव मतांवरून नव्हे, तर स्वतःच्या गाडीवर मोजून हवे होते. मागील ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत मी ते मोजले. हे परीक्षण त्या मोजणीवर आधारलेले आहे.

आधी गाडीविषयी. ती २०१९ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची हॅचबॅक आहे. इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतील मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, ११ ला १ आहे आणि गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किमान ९१ ऑक्टेनचे पेट्रोल वापरावे असे स्पष्ट छापलेले आहे. मनीषनगरातील घर ते हिंगणा एमआयडीसीतील कार्यालय हा माझा रोजचा रस्ता. त्यात सकाळचे सिग्नल, मेट्रोच्या खांबांमधून रेंगाळणारी गर्दी आणि अधूनमधून मोकळा रिंग रोड, असे सर्व प्रकार येतात. गाडी घेतली त्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेले लिटर आणि मीटरवरील किलोमीटर मी एका दोनशे पानी वहीत लिहीत आलो आहे. पंपाच्या पावत्या डॅशबोर्डवर ठेवल्या तर आपल्या उन्हात महिन्याभरात कोऱ्या होतात. दोन उन्हाळ्यांच्या पावत्या अशा पांढऱ्या पडल्यानंतर मी आकडे पंपावरच वहीत उतरवू लागलो.

या वहीनुसार २०२२ पर्यंत गाडीचे ॲव्हरेज लिटरला सरासरी १६.२ किलोमीटर होते. पुढे २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वत्र आले आणि ते हळूहळू १५.४ वर उतरले. गाडीचे वय वाढले हे खरे असले, तरी ही घट अनपेक्षित म्हणता येणार नाही. निती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच सांगितले होते, की मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकी गाड्यांत २० टक्के मिश्रणामुळे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटू शकते, तर १० टक्क्यांसाठी घडवलेल्या व २० टक्क्यांना जुळवलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के राहील. कारण सरळ आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. हे हरवलेले ॲव्हरेज ९५ ऑक्टेनने परत मिळेल, असे माझ्या ओळखीतील निम्म्या लोकांनी ठामपणे सांगितले, आणि तेथूनच ही चाचणी सुरू झाली.

चाचणीपूर्वी ऑक्टेन म्हणजे काय, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेकांचा पैसा याच ठिकाणी चुकीच्या समजुतीपायी जातो. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने पसरायला हवी. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते आणि इंजिनातून टकटक असा धातूवर आपटल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक त्यालाच इंजिन नॉक मारते असे म्हणतात. या आपोआप पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. लिटरमध्ये ऊर्जा किती आहे, हे तो सांगत नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण इथेनॉलच आहे : त्याचा ऑक्टेन आकडा १०८ च्या घरात जातो, म्हणजे कोणत्याही ‘पावर’पेक्षा जास्त, आणि तरीही त्याच्यामुळे ॲव्हरेज घटते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पंपावरील अर्धा गोंधळ संपतो.

मग जास्त ऑक्टेनचा उपयोग कोणाला? ज्या इंजिनात दाब जास्त आहे किंवा टर्बो बसवलेला आहे आणि ज्याची रचनाच ९५ धरून केलेली आहे, त्याला. असे इंजिन कमी ऑक्टेनवर चालवले, तर त्यातील नॉक सेन्सर धोका ओळखतो, संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो आणि इंजिन वाचते. पण शक्ती आणि ॲव्हरेज दोन्ही कमी होतात. अशा गाडीला ९५ चे पेट्रोल दिले की ती आपल्या मूळ क्षमतेवर येते. माझ्यासारख्या ९१ वर समाधानी असलेल्या इंजिनाला मात्र परत मिळवण्यासारखे फारसे काही उरलेलेच नसते. अमेरिकेतील मोटारचालकांच्या ‘एएए’ या संघटनेने २०१६ मध्ये चाचणी करून हाच निष्कर्ष काढला होता, की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांना महागड्या पेट्रोलचा लाभ होत नाही. तेथील व्हिडिओ पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की अमेरिकेत पंपावर लिहिलेला ८७ हा आकडा वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो आणि तो आपल्याकडील साधारण ९१ च्या बरोबरीचा असतो. आपले साधे पेट्रोल त्यांच्यापेक्षा वरचढ आहे असा अर्थ त्यातून निघत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात म्हटले होते, की बीएस-६ पेट्रोलचा ९१ हा ऑक्टेन आकडा २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणामुळे ९५ पर्यंत सुधारलेला आहे. तसे असेल, तर साध्या नोझलमधून येणाऱ्या पेट्रोलचा आणि ज्या आकड्यासाठी आपण सात-आठ रुपये जास्त देतो त्या पेट्रोलचा ऑक्टेन आता जवळजवळ एकाच पातळीवर आला आहे. शिवाय ‘पावर घेतले म्हणजे इथेनॉल टळले’ ही नागपुरात सर्रास ऐकू येणारी समजूतही चुकीची आहे; ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल मिसळलेले असते. बाकी राहते ते इंजिनाचे भाग स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचे. तो लाभ कंपन्या सांगतात, पण पाच महिन्यांच्या वहीत तो दिसण्यासारखा नाही, म्हणून मी त्याला येथे गुणही दिले नाहीत आणि त्याचे गुण कापलेही नाहीत.

आता मोजणी. दोन टाक्या साध्या, दोन ९५ च्या, पुन्हा दोन साध्या आणि पुन्हा दोन ९५ च्या, असा क्रम ठेवला. कारण टाकीत तळाशी जुने पेट्रोल उरते आणि बदल केल्यानंतरची पहिली टाकी थोडी मिश्र असते. प्रत्येक वेळी पंप तोच, नोझलची बाजू तीच आणि नोझल आपोआप बंद झाल्याबरोबर भरणे थांबवायचे. ‘अजून पन्नास रुपयांचं बसते, राउंड फिगर करून टाकू,’ हा आग्रह मी प्रत्येक वेळी नाकारला. मोजणी बिघडते हे एक कारण झाले. दुसरे असे, की आजच्या गाड्यांत पेट्रोलची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो आणि टाकी गळ्यापर्यंत भरल्यास त्यात पेट्रोल शिरून तो निकामी होऊ शकतो.

साध्या पेट्रोलच्या चार टाक्यांत मिळून ११२.४ लिटर लागले आणि गाडी १,७३१ किलोमीटर चालली, म्हणजे लिटरला १५.४. ‘९५’ च्या चार टाक्यांत ११०.८ लिटर लागले आणि गाडी १,७२८ किलोमीटर चालली, म्हणजे लिटरला १५.६. फरक ०.२ किलोमीटरचा, टक्क्यांत सांगायचे तर जेमतेम सव्वा टक्का. साध्या पेट्रोलच्याच चार टाक्यांतील सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत १.३ किलोमीटरचे अंतर होते. एखाद्या आठवड्यात लग्नसराईची गर्दी लागली किंवा लांबचा मोकळा प्रवास घडला तरी आकडा याहून जास्त हलतो. तेव्हा ०.२ चा हा फरक पेट्रोलचा आहे असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

तो पेट्रोलचाच धरला, तरी हिशेब जुळत नाही. माझ्या नोंदीत साध्या पेट्रोलचा दर लिटरला १०४ रुपये ५० पैसे आणि दुसऱ्याचा ११२ रुपये होता. म्हणजे साध्यावर किलोमीटरला ६ रुपये ७९ पैसे आणि ९५ वर ७ रुपये १८ पैसे खर्च आला. जास्तीचे पैसे वसूल व्हायचे, तर ९५ ऑक्टेनने लिटरला किमान १६.५ किलोमीटर द्यायला हवे होते, आणि एकाही जोडीत त्याने ते दिले नाही. माझी गाडी वर्षाला सुमारे ८,३०० किलोमीटर चालते. तेवढ्यासाठी हा फरक ३,२०० रुपयांच्या पुढे जातो.

‘ॲव्हरेजचे सोडा, पिकअप तर वाढतो ना,’ असे अनेकजण म्हणतात. सुरुवातीला मलाही तसे वाटले. डबलडेकर उड्डाणपुलावर चढताना गाडी हलकी झाल्याचा भास झाला आणि तो मी वहीत लिहूनही ठेवला. मग पत्नीने एक उपाय सुचवला : चाचणीच्या शेवटी दोन वेळा तिने मला न सांगता गाडी भरून आणली आणि पावती स्वतःजवळ ठेवली. मी आठवडाभर गाडी चालवून अंदाज सांगायचा होता. पहिल्या वेळी मी मोठ्या खात्रीने ‘९५’ म्हटले, ते साधे निघाले. दुसऱ्या वेळी ‘साधे’ म्हटले, ते ९५ निघाले. रामटेकच्या गडमंदिराचा चढ पाच माणसे बसवून दोन्ही पेट्रोलांवर चढून पाहिला. दोन्ही वेळा टकटक ऐकू आली नाही, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सारखीच कुंथली व दुसरा गिअर टाकताच सारखीच मोकळी झाली.

पंपाच्या सेवेविषयीही येथेच लिहितो, कारण पेट्रोल कोणते यापेक्षा ते बरोबर मापात आणि शुद्ध मिळणे मला जास्त मोलाचे वाटते. ज्या पंपावर मी ही चाचणी केली, तेथे घनता आणि दर यांचा फलक रोज बदललेला असे. एके सकाळी मी पाच लिटरचे माप मागितले. व्यवस्थापकाने कपाळाला आठी न घालता वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेले तांब्याच्या रंगाचे माप आणवले, सपाट जागी ठेवले आणि माझ्यासमोर भरून दाखवले. पेट्रोल रेषेवर येऊन थांबले. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे तक्रार करता येते. हे माप मागणे आणि शुद्धतेसाठी फिल्टर कागदाची चाचणी मागणे हा प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे, पण रांगेत मागे हॉर्न वाजू लागले की आपण तो सोडून देतो. चाकांत हवा फुकट भरून देणे हेही पंपाचे कर्तव्यच आहे. घनतेच्या आकड्यावरून भेसळीचा संशय येऊ शकतो. ऑक्टेन मात्र त्यावरून कळत नाही, हेही लक्षात असू द्यावे. देशातील पेट्रोल पंपांच्या साठवणुकीला परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, ही गोष्ट पुष्कळ नागपूरकरांना माहीत नसते.

उलट अनुभवही सांगणे भाग आहे. शहराबाहेरच्या एका पंपावर मी ‘साधं’ असे स्वच्छ सांगूनही १,५०० रुपयांचे महागडे पेट्रोल गाडीत गेले आणि विचारल्यावर ‘साधं संपलं आहे’ असे उत्तर मिळाले. संपले असेल, तर ते भरण्याआधी सांगायला हवे. तेव्हापासून मी गाडीतून उतरून आधी शून्य आणि त्यासोबत पडद्यावरील दर पाहतो, आणि नंतरच झाकण उघडायला सांगतो.

चाचणी संपल्यावर मी पेट्रोल बदलण्याऐवजी गाडीकडे वळलो, आणि खरा फरक तेथे सापडला. टायरवाल्याकडे मी वर्षानुवर्षे सवयीने ‘अठ्ठावीस टाक’ म्हणत आलो होतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील स्टिकर वाकून वाचले, तेव्हा तेथे ३३ पीएसआय लिहिलेले होते. इतकी वर्षे चाकांत पाच पीएसआय हवा कमी होती. डिकीत पाण्याचे दोन कॅन, जुनी बॅटरी आणि अवजारांची पेटी मिळून तीसेक किलोचे ओझे होते, तेही उतरवले. छतावरील कॅरिअर दिवाळीच्या प्रवासानंतर काढायचे राहून गेले होते, ते काढले. त्यानंतर साध्या पेट्रोलच्या दोन टाक्यांत ५६ लिटरवर गाडी ९३० किलोमीटर चालली, म्हणजे लिटरला १६.६. किलोमीटरचा खर्च ६ रुपये ३० पैशांवर आला. दोनच टाक्यांचा हिशेब आहे, त्यामुळे तो आठ टाक्यांइतका भक्कम नाही; तरी ज्या १६.५ पर्यंत ९५ ऑक्टेन पोहोचले नाही, ते गाडीने साध्या पेट्रोलवर, एक पैसाही न खर्चता, ओलांडले.

वेगाचा परिणाम तर याहूनही मोठा आहे आणि समृद्धी महामार्ग दाराशी आल्यापासून नागपूरकरांना तो रोज भोगावा लागतो. शिवमडक्याहून वर्ध्याच्या दिशेने जाताना मी एकदा ११५ चा आणि परतताना ९० चा वेग धरून ठेवला. गाडीच्या पडद्यावर जाताना १५.८ आणि येताना २०.५ असे आकडे दिसले. पडद्यावरचा आकडा अगदी अचूक नसतो आणि वाऱ्याची दिशाही वेगळी असू शकते, पण एवढे अंतर त्याने भरून निघत नाही. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० वरून ११५ वर गेले की तो सुमारे ६३ टक्क्यांनी वाढतो. तेथे गाड्यांना १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० नेच जायला हवे असे नाही.

काही प्रचलित समजुती थोडक्यात. पहाटे पेट्रोल थंड असते म्हणून जास्त मिळते, असे मे महिन्यात हमखास ऐकू येते. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि त्यांतील तापमान सकाळ-दुपार फारसे बदलत नाही. ते पाच अंशांनी बदलले असे धरले, तरी फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. शंभरऐवजी एकशेदहा रुपयांचे भरल्याने जास्त मिळते, यालाही आधार नाही. मळलेला एअर फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज वाढते हा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळातील आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ च्या अभ्यासात आधुनिक इंजेक्शन इंजिनांत त्याने ॲव्हरेजला फरक पडलेला दिसला नाही, पिकअपला मात्र पडला. आपल्याकडील धूळ पाहता फिल्टर वेळेवर बदलावाच, पण तो इंजिन जपण्यासाठी.

तेव्हा ९५ ऑक्टेन पेट्रोलविषयी माझे मत असे आहे. माल म्हणून त्यात मला काहीही खोट आढळली नाही. गाडी नीट सुरू झाली, नीट चालली, कोठेही त्रास झाला नाही. ज्यांच्या पुस्तिकेत ९५ ची शिफारस छापलेली आहे, त्यांनी लिटरमागचे सात-आठ रुपये वाचवण्याच्या मागे लागू नये. ज्यांच्या गाडीत साध्या पेट्रोलवर, योग्य गिअरमध्येही टकटक ऐकू येते, त्यांनी एक-दोन टाक्या भरून पाहाव्यात आणि आवाज थांबला तरी मेकॅनिककडून इंजिनात साचलेला कार्बन तपासून घ्यावा. माझ्यासारख्या ९१ च्या गाडीसाठी, निव्वळ ॲव्हरेजच्या आशेने, मी ते घेण्याचा सल्ला देणार नाही. पाचपैकी गुण द्यायचे, तर पहिल्या प्रकारच्या गाड्यांसाठी चार आणि माझ्या गाडीसाठी दीड.

वहीत आता लिटर आणि किलोमीटर यांच्या शेजारी हवेचा तिसरा रकाना आखला आहे. मागील रविवारी त्यात ३१ लिहावे लागले. तीन आठवड्यांत दोन पीएसआय उतरले होते. पारा ४५ च्या वर गेला आणि दिवसभर एसी चालू लागला, की मे महिन्याच्या दोन टाक्यांचे आकडे याच परीक्षणाखाली जोडीन.